ठेवणीतले शब्द

आमच्या घरात इंग्रजी आली ती एसटीने, आणि तीही बेवारस. आबा, म्हणजे माझे वडील, स्वारगेट ते आमचं माले गाव या गाडीवर कंडक्टर होते. कुणीतरी प्रवासी मागच्या बाकाखाली एक जाडजूड पुस्तक विसरून गेला आणि आबांनी ते इमानदारीने डेपोत जमा केलं. विसरलेल्या छत्र्या, पिशव्या आणि एकेकट्या चपला यांच्या संगतीत ते तिथे धूळ खात पडलं. मालक काही आला नाही. पुढे बेवारस सामानाचा लिलाव निघाला तेव्हा छत्र्यांसाठी भांडणं झाली आणि पुस्तकासाठी आबा एकटेच उभे राहिले. तो इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, गोऱ्या साहेबाच्या राज्यात छापलेला. त्यातले इंग्रजी शब्द जुने झालेत हे आम्हाला कळण्याची काही सोयच नव्हती, कारण त्यातली मराठीसुद्धा तितकीच जुनी होती. 'व्हार्लेट' म्हणजे 'हुजऱ्या, नीच सेवक'. 'बिटाइम्स' म्हणजे 'यथाकाली, सत्वर'. एका शब्दाचा अर्थ लागायला दुसऱ्याचा अर्थ शोधावा लागे, आणि 'यथाकाली' म्हणजे काय हे सांगणारं माल्यात कुणी नव्हतं.

आमचं घर रस्त्याच्या कडेलाच होतं. मागे भाताची खाचरं, पुढे एसटीचा थांबा. संध्याकाळची शेवटची गाडी मुक्कामी असायची. पौडकडून तिचा घरघराट ऐकू आला की आई तांदळाच्या पिठाची उकड काढायला घेई, आणि गाडी थांब्यावर येऊन हुश्श करेपर्यंत पहिली भाकरी तव्यावर पडलेली असे. आबांच्या मागोमाग ड्रायव्हर गणपतकाका हातपाय धुऊन ओसरीवर येत. ते जुन्नरकडचे, मुक्कामाला आमच्याकडेच जेवत. पावसाळ्यात खेकड्याचं कालवण, एरवी वालाची उसळ नाहीतर सुकट. पण जेवणाआधी शब्द. आबा कोश मांडीवर घेत, डोळे मिटून कुठलंही पान उघडत, बोट ठेवत आणि ज्यावर बोट पडेल तो त्या दिवशीचा शब्द. तो अर्थासकट म्हणून दाखवल्याशिवाय कालवण वाढलं जात नसे. कोरडी भाकरी मिळे, तिला बंदी नव्हती. मी आणि माझी धाकटी बहीण रंजना पटकन शिकायचो, कारण खेकड्याचा वास चुलीवरून सरळ नाकात येत असे. गणपतकाकांची मात्र दरवेळी दांडी उडायची. "मी ड्रायवर हाय, मास्तर. माझं काम समोर बघायचं, बोलायचं न्हाई," असं म्हणून ते ताट पुढे सरकवत आणि आई हळूच त्यांना कालवण वाढत असे.

आई शब्द तपासून घ्यायची, बाजारातून आणलेली वांगी तपासावीत तशी. "ह्यो कशाला वापरायचा?" हा तिचा पहिला सवाल. 'फाय' म्हणजे 'धिक्कार असो' हे कळताच तिने तो ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून कोंबड्या हाकायला लावला. 'बेल्डम' म्हणजे 'कुरूप वृद्धा' निघालं, तो तिने काही न बोलता माझ्या थोरल्या आत्यासाठी राखून ठेवला. 'स्वेन' म्हणजे 'ग्रामीण युवक, प्रियकर' असं आबांनी मोठ्याने वाचलं तेव्हा मात्र तिने उलथनं खाली ठेवलं. "ह्यो परत ठेवा. घरात पोरी वाढत्या हायेत." आबांनी निमूटपणे दुसरं पान उघडलं. 'हिदर' म्हणजे इकडे आणि 'थिदर' म्हणजे तिकडे, असं ज्या दिवशी निघालं त्या दिवशी तर ती भाकरी थापायची थांबली. "आगं बया, मग हे आपलंच की! हितं आन् तितं. गोऱ्यांनी आपल्याकडनंच उचललंय." मुळशीच्या धरणावर गोरे साहेब राहायचे तेव्हाच त्यांनी ते नेलं असणार, याबद्दल तिची खात्री पटली. त्यानंतर तिला इंग्रजीची भीती अशी राहिली नाही.

आता मी पुण्याजवळच्या माण गावात राहते. सासरची जमीन गेली तिथे कंपन्या उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर आम्ही तीन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. वरची पोरं-पोरी दिवसभर इंग्रजीतच बोलतात, त्यातलं अर्धं मला कळत नाही. परवा एका भाडेकरू मुलीला मी म्हटलं, जेवायला बोलावलंय तर 'बिटाइम्स' ये. तिने तिथल्या तिथे मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आँटी, हा शब्द तर केव्हाच मेलाय." मी म्हटलं, आमच्याकडे तो रोज जेवायला असायचा.

तर आबांचा इंग्रजीविषयी एक सिद्धान्त होता, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. पौडच्या शाळेत आम्हाला इंग्रजी होती, पण गुरुजी ती मराठीतूनच शिकवायचे. ती पुस्तकं आबांनी चाळली होती आणि नाक मुरडलं होतं. "कम, गो, सिट, ईट. ही रोजची धुवट कापडं हायेत गं. कुनीबी घालतंय. साहेबाफुडं उभं ऱ्हायचं तर ठेवणीतलं काढाया नको?" आईचं हिरवं लुगडं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं असे आणि फक्त लग्नाकार्याला निघे. तसेच कोशातले शब्द. ते जड होते, कुणाच्या अंगावर दिसत नव्हते, म्हणजे ते भारीच असणार. मला हे तेव्हा शंभर टक्के पटलं होतं. खरं सांगायचं तर शब्दांचं राहू द्या, लुगड्याच्या बाबतीत मला ते आजही पटतं.

ते स्वतः मात्र ठेवणीतले शब्द गाडीत सर्रास वापरत, कारण गाडी हे त्यांच्या लेखी कार्यच होतं. दारात गर्दी तुंबली की ते "हेस्टन! हेस्टन!" असं ओरडत आणि अख्खी गाडी एक पाऊल पुढे सरके. गणपतकाकांनी थांबावं म्हणून "टॅरी!" आणि कुणी पायरीवर लोंबकळलं तर "फाय!" मुळशी खोऱ्यातल्या माणसांनी हे शब्द तिकिटाबरोबर मिळतात तसे घेतले. भाजीच्या पाट्या घेऊन पुण्याला जाणारी ठकूबाई लांबूनच हात वर करून "टॅरी रं, टॅरी!" करत धावत यायची. तिला कुणी विचारलं असतं की बाई, तुला इंग्रजी येते का, तर तिने त्याला चार शिव्या दिल्या असत्या.

मी दहावी झाले त्या वर्षी मामाने माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मुलगा पनवेलकडचा, घरची भाताची गिरणी. माणसं चांगली होती, मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण मला अजून कुठेच जायचं नव्हतं. मला वाटे, आपण काहीतरी करून बघायचंय. काय, ते सांगता येत नव्हतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. त्याच आठवड्यात आबांना गाडीतून पिरंगुटजवळच्या एका नव्या कारखान्याच्या फाटकावर पाटी दिसली. टेलिफोनवर बसायला मुलगी पाहिजे, दहावी पास, इंग्रजी बोलणारी. आबांनी तिथेच "टॅरी!" केलं, उतरून पाटी दोनदा वाचली आणि घरी येऊन सांगितलं. आईने बराच विचार केला आणि मग निकाल दिला. "नोकरी लागली तर मामाला न्हाई म्हनून सांगते. न्हाई लागली तर भाताची झोडणी झाली की बार उडवायचा. मंग रडायचं न्हाई." मी कबूल झाले. दुसरं करणार काय?

त्यानंतरचे दिवस म्हणजे आमच्या घरात इंग्रजीचा पूर आला होता. बोट ठेवण्याचा नियम गेला, आबा कामाचे शब्द निवडून काढू लागले. चुलीपुढच्या पितळी तांब्याला टेलिफोन केलं. मी तो कानाला लावायचा आणि आबांनी पलीकडून, म्हणजे गोठ्याच्या दारातून, साहेब व्हायचं. आई तेवढ्यात तांब्या मागायला यायची. रंजना हसून लोळायची. गाडीतही बातमी पोचलीच. मुलाखतीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा पुढच्या बाकावर जागा राखलेली होती. आबांनी त्या दिवशी कारखान्याच्या साहेबासाठी खास तयार केलेलं एक लांबलचक वाक्य सगळ्या गाडीला म्हणून दाखवलं. जर कधी तो साहेब भेटलाच, तर त्याला ऐकवायला म्हणून ते त्यांनी घोकून ठेवलं होतं. त्याचा अर्थ साधारण 'मी आपला अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेवक, आपल्या कृपाछत्राचा अभिलाषी' असा होता. गाडीने माना डोलावल्या. ठकूबाई म्हणाली, "भारी हाय. लगीन लावल्यावानी वाटतंय."

कारखान्यात मला सकाळपासून दुपार टळेपर्यंत बसवून ठेवलं. आत बोलावलं तेव्हा टेबलामागे तिघं होते, मधे मोठे साहेब, एका बाजूला चष्म्याच्या बाई आणि दुसऱ्या बाजूला एक जाडे साहेब. मोठ्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, कुठे राहतेस? मी ताठ उभी राहिले आणि पाठ केलेलं सांगितलं की, हे महोदय, मी त्या पलीकडे, सरोवराच्या सन्निध वास करते. जाड्या साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाईंनी विचारलं, काम जमेल का? मी म्हटलं, "ये, व्हेरिली." म्हणजे होय, निःसंशय. त्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं त्यांना सर्दी झालीय.

मग मोठ्या साहेबांनी टेबलावरचा खराखुरा टेलिफोन माझ्याकडे सरकवला. समज हा वाजला, तर काय म्हणशील? या प्रश्नाची तर मी वाटच बघत होते. तांब्यावर माझा हात चांगला बसला होता. मी रिसीव्हर उचलला, आणि एसटीच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "हार्क! हू स्पीक्स यॉन्डर?" म्हणजे, श्रवण करा! पलीकडून कोण बरे बोलत आहे? जाडे साहेब टेबलावर आडवेच झाले. मोठ्या साहेबांनी कसंबसं विचारलं, आणि साहेब जागेवर नसतील तर? मी म्हटलं, "ही हॅथ गॉन हेन्स. टॅरी, प्रिदी." म्हणजे, ते येथून निघून गेले आहेत, तिष्ठत राहावे, मी विनविते. आता मोठ्या साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई उठून शेजारच्या खोलीत गेल्या आणि आणखी चौघांना घेऊन आल्या, आणि मला सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं. मी म्हटलं. माझी अशी समजूत झाली की मुलाखत फार उत्तम चालली आहे.

कळलं ते नंतर. मोठे साहेब डोळे पुसत मराठीत म्हणाले, "अगं मुली, हे इंग्रजी शंभर वर्षांत कुणी बोललेलं नाही. साहेब 'गॉन हेन्स' ऐकलं तर फोन करणारा माणूस साहेब वारले समजून हार घेऊनच येईल." पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी ते कशाला हसतायत हे माझ्या डोक्यात शिरलं. कान तापले. पनवेलची गिरणी डोळ्यांपुढे आली, तिचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. "कुणी शिकवलं तुला हे?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी." "कुठे असतात ते?" मी खिडकीबाहेर बघितलं. फाटकासमोर आमची एसटी उभी होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती आणि सगळी कारखान्याकडे बघत होती. संध्याकाळची गाडी, इथे कशाला थांबेल? मी नुसतं बोट दाखवलं. "तो कंडक्टर?" मोठ्या साहेबांचा चेहरा खुलला. "चला, चला, त्यांना भेटायलाच पाहिजे." आणि ते निघाले, मागून जाडे साहेब, बाई आणि ते चौघेही निघाले. जत्रेतला खेळ बघायला निघावं तसे.

फाटकापर्यंतची ती वाट मी कशी चालले ते माझं मला माहीत. नोकरी गेली होती, त्याचं मला त्या क्षणी काही वाटत नव्हतं. मला फक्त आबांचं ते लांबलचक वाक्य आठवत होतं. सगळ्या गाडीसमोर ते आता छाती काढून ते म्हणणार, हे सात जण पोट धरून हसणार, आणि गाडीतल्या माणसांना आपला कंडक्टर काय आहे ते कळणार. देवा, त्यांची बोबडी वळू दे, असं मी खरोखर मनात म्हटलं.

फाटकापाशी वेगळाच देखावा होता. गणपतकाकांनी इंजिनाचं झाकण उघडं टाकलं होतं आणि ते एकेक लोटी पाणी सावकाश ओतत होते. इंजिनाला काही धाड भरली नव्हती. शालनचा, म्हणजे माझा, निकाल कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं प्रवाशांनी ठरवलं होतं, आणि वरून कुणी विचारलं तर सांगायला इंजिन तापलेलं असणं गरजेचं होतं. ठकूबाई रिकाम्या पाटीवर रस्त्यातच बसली होती. आम्हाला बघून ती उठली. "आलं, आलं सायेब! कंडक्टर, काढा तुमचं ते वाक्य!" आबा पायरीवरून उतरले. त्यांनी टोपी सारखी केली, तिकिटाची पेटी बाजूला सरकवली, घसा खाकरला. साहेब हात बांधून, ओठ दाबून उभे राहिले. जाडे साहेब तर आधीच हलायला लागले होते.

आबांनी साहेबांकडे बघितलं. मग मागच्या बाईंच्या रुमालाकडे. मग माझ्याकडे. माझ्याकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "पोरगी कामाची हाय का न्हाई, तेवढं सांगा. गाडीला उशीर व्हतोय."

बस, एवढंच. एकही इंग्रजी शब्द नाही. जाड्या साहेबांचं हसू तोंडातच राहिलं. मोठे साहेब गडबडले. बांधलेले हात त्यांनी सोडले, आबांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. एवढ्या खिडक्यांतून एवढी तोंडं त्यांच्याकडे उत्तरासाठी बघत होती, आणि त्यातलं कुणीच हसत नव्हतं. "आवाज खणखणीत आहे तिचा," ते शेवटी म्हणाले. "घाबरत नाही. सकाळपासून आलेल्या मुलींपैकी एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. काय बोलायचं ते आम्ही शिकवू. सोमवारपासून पाठवा." आबांनी हात जोडले. गणपतकाकांनी इंजिनाचं झाकण धाडकन लावलं आणि ठकूबाईने पाटी वर फेकली. मी तिथेच भोकाड पसरलं, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

गाडी सुटली. आबांनी तिकिटं पुरी केली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. एरवी ड्युटीवर ते कधी बसत नसत. बराच वेळ ते पेटीशी चाळा करत राहिले. पौड मागे गेलं.

"हसले काय गं ते?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्यांनी मघाशी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं, आता खोट्याला जागा नव्हती. "हसले," मी म्हटलं.

"कंच्या शब्दाला?"

"समद्याच शब्दांना, आबा. जुने झालेत म्हनं. आता कुनी बोलत न्हाई."

"समद्याच? एकबी सुटला न्हाई?"

"न्हाई."

ते खाली मान घालून बसले. मी त्यांच्या बाहीला धरलं. मग बघते तर त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्यांनी मान वर केली, तर ते हसत होते.

"आगं, म्हंजे समदे कळले की त्यांना! न कळता मानूस हसंल कशाला?" ते उठले, वरच्या दांडीला धरून मागे वळले आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात ओरडले, "ऐका रं सारे! साहेबाला आपले समदे शब्द कळले. एकबी वाया गेला न्हाई!"